वाढायला हरकत नाही

"सरकव ताटली," तेत्सुओ ओठ न हलवता म्हणाला.

"अहो, माझाच मासा अजून अर्धा पडलाय."

"तो वाढपी पलीकडच्या टेबलाशी वाकलाय. आत्ता सरकव. नंतर जमायचं नाही."

सातोएने समोरच्या फुलदाणीतल्या शेवंतीकडे कौतुकाने बघितलं आणि बघता बघता आपली ताटली डावीकडे सरकवली. तेत्सुओच्या जेवायच्या काड्या एकदा खाली आल्या, एकदा वर गेल्या. वाफवलेल्या 'ताई' नावाच्या माशाचा अख्खा तुकडा, वर पेरलेल्या आल्याच्या बारीक काड्यांसकट, त्याच्या ताटलीतून तिच्या ताटलीत आला. मेजावर थेंबसुद्धा सांडला नाही. सगळी हयात शाळेत काढलेल्या माणसाला असले चोरटे उद्योग पकडायची सवय असते. ते करताही येतात, हे सातोएला आत्ता या उतारवयात कळत होतं.

"खा आता," तो म्हणाला. "आणि सांग."

"काय सांगू?"

"कसा आहे ते."

"चांगलाय."

"चांगलाय म्हणजे? हवा पण चांगली असते, जावईही चांगला असतो. मासा कसा आहे?"

सातोएने घास तोंडात धरून ठेवला. आधीच तिच्या पोटात तिळाचं टोफू दोनदा गेलं होतं. शिंपल्यांचं सूप दोनदा गेलं होतं. ते झाकणाच्या लाकडी वाट्यांत आलं होतं म्हणून अदलाबदल सोपी गेली. आता हा दुसरा मासा. पुढे गोमांसाचं रटरटवलेलं काहीतरी येणार होतं आणि त्यानंतर भात. तिने मनातल्या मनात कंबरपट्टा एक घर सैल केला.

तिला चवीचे शब्द येत नव्हते. लग्न झाल्यापासून घरात जेवणावर बोलायचं काम तेत्सुओचं, आणि तिचं काम 'हो ना' म्हणायचं. तिचं सगळं आयुष्य सुमा स्टेशनाखालच्या लाँड्रीच्या काउंटरमागे गेलं होतं. तिला कापड कळायचं, कापडावरचे डाग कळायचे.

"हा ना," ती चाचरत म्हणाली, "कडक इस्त्रीच्या चादरीसारखा आहे. वरून घट्ट घडी. पण बोट घातलं की पदर पदर सुटत जातात."

तेत्सुओने डोळे मिटले. "हं. म्हणजे वेळेवर उतरवलाय. आणि मघाचं सूप?"

"सूप म्हणजे..." तिने आजूबाजूला बघून घेतलं. "लहान मुलाचं दुपटं असतं ना, धुऊन धुऊन मऊ झालेलं. अंगावर आहे असं वाटतच नाही. पण काढून घेतलं की गार लागतं."

त्याने डोळे उघडले. मग म्हणाला, "असं सांगायचं की मग. चांगलाय काय, चांगलाय!"

कोबे बंदरासमोरच्या हॉटेलात हे जेवण 'शिरानामी' नावाच्या बोटीच्या कंपनीने ठेवलं होतं. एकदोनदा बोटीवर जाऊन आलेल्यांना इथे आमंत्रण नव्हतं. इथे सगळे मुरलेले. नवखे प्रवासी, बोट कुठे कुठे जाते ते विचारतात. हे लोक पाव बोटीवरच भाजतात का ते विचारत होते. लोणी कुठलं, मासा बंदराबंदरावर ताजा घेता की शीतपेटीतला, भात एकदाच लावता की प्रत्येक पंगतीला वेगळा. एक म्हातारे गृहस्थ तर भांडी कोण घासतं यावर अडून बसले होते. देश, बेटं, देवळं सगळ्यांची बघून झाली होती. आता उरलं होतं ते जेवण, आणि ते कोणासोबत जेवायचं तेवढं.

तेत्सुओ उरागामीला या मंडळींत मान होता. निवृत्तीनंतर नवराबायको इतक्या बोटींवर जेवले होते, की त्याचं मत लोक विचारून घेत. त्याची परीक्षा ठरलेली होती. कुठल्याही बोटीवर पहिल्या सकाळी तो साधी भाताची पेज मागवायचा आणि सोबत 'उमे' नावाचं एक खारवलेलं आंबट फळ. "झिंगे कोणीही शिजवतो," तो म्हणायचा, "हलत्या बोटीवर पहाटे उठून पेजेला जपतो तो खरा आचारी."

तेव्हा ती गंमत होती. गेल्या शरदात घशाचं ऑपरेशन झालं आणि पेजेशिवाय त्याच्या नशिबी काही उरलं नाही. गिळलेलं पोटात जाईल की छातीत, याचा भरवसा राहिला नव्हता. पातळ तर त्याहून वाईट. पाण्यातसुद्धा पीठ घालून दाट करून प्यायचं. बोटीच्या कंपनीतल्या मुलीने आमंत्रणाचा फोन केला तेव्हा तिने नेमकं विचारलं होतं, "सर, काही पथ्य आहे का?" इस्त्री करणाऱ्या सातोएने मान वर करून त्याच्याकडे बघितलं होतं. आणि तो आपल्या त्या नव्या, खरडलेल्या आवाजात म्हणाला होता, "छे छे. विशेष काही नाही."

"का नाही सांगितलंत?" तिने विचारलं होतं.

"एका माणसासाठी त्यांनी वेगळी चूल मांडायची? शोभतं का ते?"

म्हणून आता ती दोघांचं जेवत होती. पान टाकायचं नाही. तो आचाऱ्याचा अपमान. सांगायचं नाही, तो आचाऱ्याला त्रास. राहिलं काय, तर सातोएचं पोट.

गोमांस आलं. वाढपी लांब जाईपर्यंत तेत्सुओ ताटलीवर वाकून नुसता वास घेत राहिला. मग त्याची नजर पुन्हा खोलीच्या मधोमध गेली. तिथल्या गोल टेबलावर कुवाबाराबाई बसल्या होत्या. मागे एका सफरीत त्या आपल्या यजमानांसह तेत्सुओ-सातोएच्याच टेबलावर असायच्या. यजमान आता नव्हते. बाईंच्या एका बाजूला कंपनीचा कोणी अधिकारी होता आणि तो त्यांना पाव पुढे करत होता.

"काय एवढं बघताय त्यांच्याकडे?" सातोएने विचारलं. "सूप आल्यापासून बघताय. माझ्या चेहऱ्याला काय झालंय?"

"कुठे बसवलंय ते बघतोय."

"मधे बसवलंय. तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. मधे बसवलंय. दाराशी नाही."

"म्हातारपणी डोळे फुटले तुमचे," सातोए म्हणाली आणि तिने त्याचं गोमांस आपल्याकडे ओढलं. "हे म्हणजे ओला लोकरी कोट. जड. वास चांगलाय, पण अंगावर बसतो. झालं समाधान?"

जेवण संपल्यावर उंच पांढरी टोपी घातलेला मुख्य आचारी टेबलाटेबलावरून फिरत आला. तेत्सुओला बघून तो थबकला. "अरे! पेजवाले सर!" दुसऱ्या कुठल्याशा बोटीवर, धाकटा आचारी असताना, याच्यासाठी पेज करून करून त्याची झोप उडाली होती म्हणे. "सर, आत तुमच्या ताटल्या आल्या त्या बघितल्या. लख्ख! आमची पोरं म्हणाली, त्या खिडकीजवळच्या टेबलावर कोणीतरी खरा खाणारा बसलाय. काय आवडलं सर तुम्हाला?"

आजूबाजूच्या टेबलांवरचे सगळे तेत्सुओकडे बघायला लागले. सातोएच्या घशाशी दोन मासे एकदम आले.

तेत्सुओने हातरुमालाने ओठ टिपले. तिथे टिपण्यासारखं काही नव्हतं. "सूप," तो म्हणाला. "लहान मुलाच्या दुपट्यासारखं होतं. धुऊन मऊ झालेलं. अंगावर आहे असं वाटत नाही, पण काढून घेतलं की गार लागतं."

आचारी मग इतका खाली वाकला की त्याची टोपी सावरावी लागली. "बोटीवर या, सर. पेज मी स्वतः करीन."

सातोएने खिडकीकडे तोंड फिरवून एक मोठा ढेकर दाबला. ते एका परीने बरंच झालं; नाहीतर ती रडली असती.

*

पुढची सफर वसंतातली होती, साकुराची झाडं फुलतात तेव्हाची. मागच्या तपासणीला डॉक्टरांनी आपली खुर्ची सातोएच्या जवळ ओढून घेतली होती आणि ते म्हणाले होते, "वसंतातलं वसंतात बघू." डॉक्टर खुर्ची जवळ ओढतात तेव्हा चांगलं काही सांगत नाहीत, हे तिला कळत होतं. पण घरी आल्यावर तेत्सुओ टेबलावर दोन बोटींची माहितीपत्रकं पसरून बसला, चष्मा कपाळावर चढवून जेवणाच्या याद्या वाचायला लागला, आणि तिला वाटलं, माणूस बोट निवडतोय म्हणजे जाणार असेल. निवड चालू आहे तोवर वसंत येणारच. त्याने घाईने काही ठरवू नये, असंही तिला आतून वाटायचं.

पण तिने स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. 'शिरानामी' छोटी, जेवणासाठी नावाजलेली. 'होकुतो' मोठी, जेवण आपलं बरं. पण तिने लाँड्रीतल्या जुन्या फोनवरून, घरी कळू न देता, होकुतोच्या लोकांशी बोलणं केलं होतं. त्यांच्याकडे गिळता न येणाऱ्या पाहुण्यांसाठी वेगळा आचारी होता. सगळं वाटून, मऊ करून, पुन्हा मूळच्या आकारात मांडून देत. माणूस चारचौघांत बसून जेवू शकत होता आणि शेजाऱ्याला कळतही नव्हतं. तिला एवढंच हवं होतं. एकदा, एका टेबलावर, समोरासमोर. कारण घरी तो तिच्यासमोर जेवत नव्हता. पेजेची वाटी घेऊन स्वयंपाकघरात जायचा आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. खोकला यायचा, नाकातून यायचं, हनुवटीवर ओघळायचं. "एवढं एक बघू नकोस," त्याने पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. ती बाहेर आपल्या पानावर बसून त्या खोकल्यांच्या मधल्या शांततेकडे कान लावून जेवायची.

एका संध्याकाळी तिने विषय काढला.

"होकुतोवर वाटून देतात सगळं. मी विचारलंय."

"वाटून?"

"मासा वाटून परत माशाच्याच साच्यात घालतात. दिसायला हुबेहूब मासाच."

"म्हणजे माशाचा पुतळा," तेत्सुओ म्हणाला. "चौकात उभा करतात तसला."

"थट्टा नको. तुम्हाला खाता येईल तिथे."

"आणि तू काय खाशील? तिथला भात एकदाच लावतात सकाळी. मी विचारलंय."

"मला भाताचं काय कौतुक! आयुष्यभर जे पुढे आलं ते खाल्लं मी."

"म्हणून तर. शिरानामीच घ्यायची."

"अहो पण तिथे कोण जेवणार? मी? रोज दोघांचं? दोन दिवसांत मला बंदरावर उतरवून दवाखान्यात न्यावं लागेल. सगळ्या ताटल्या लख्ख, आणि बायको फुटली!"

तो हसला. हसला की खोकला यायचा, म्हणून अलीकडे तो हसणंही जपून करायचा. खोकला ओसरल्यावर म्हणाला, "शिरानामीवर माणसं चांगली बसवतात."

"माणसं काय चाटायची आहेत?" सातोए म्हणाली आणि रागारागाने माहितीपत्रकं गोळा करायला लागली. हा नुसता ताठा, असं तिला वाटलं. एवढे दिवस मुरलेला खाणारा म्हणून मिरवला. आता पुतळा खाताना कोणी बघायला नको. मरणाच्या दारात माणसाचा तोरा जात नाही, असं काहीसं तिच्या जिभेवर आलं होतं. 'मरण' हा शब्द त्या घरात उच्चारायचा नाही असं ठरलेलं होतं, म्हणून ते तिथेच राहिलं.

*

कोबेतल्या सान्नोमियाला प्रवास कंपनीचं दुकान होतं आणि तिथे निशिओ नावाची बाई यांची सगळी आरक्षणं करायची. चाळिशीची, गोलमटोल, आणि बोलायला लागली की थांबायचं विसरणारी. ती एकेका गिऱ्हाइकाच्या पोटाची खबर ठेवायची.

"या, या उरागामी सर! बाई, तुमचा चेहरा जरा भरलाय हं. छान दिसतंय."

"एक जेवण झालं मधे," सातोए म्हणाली.

निशिओबाईने चहा मागवला. मागवल्यावर तिला आठवलं असावं. तिने तेत्सुओचा पेला न बोलता आपल्याच बाजूला ओढून घेतला. बरी बाई, सातोएला वाटलं.

"मग काय ठरलं? होकुतो की शिरानामी?"

"होकुतो," सातोए म्हणाली.

"शिरानामी," तेत्सुओ म्हणाला.

"बघा, लग्नाला इतकी वर्षं झाली की असंच होतं," निशिओबाई खळखळून हसली. "पण सर, तुम्ही फोनवर विचारलं होतं ना, त्याचं उत्तर आलं बरं का शिरानामीकडून. एकट्या पाहुण्यांचं टेबल मधोमधच असतं. दाराशी नाही, स्वयंपाकघराशी नाही. बोटीचा एक अधिकारी रोज रात्री तिथेच जेवायला बसतो, त्यामुळे कोणी एकटं पडत नाही. एकट्या बाईला उठायची घाई करत नाहीत. आणि दोघांच्या नावावर आरक्षण असून एकच जण आलं, तरी खोली तीच राहते, बदलत नाही. अगदी तुम्ही म्हणालात तस्सं आहे सगळं. मी म्हटलं ना, एवढ्या बारकाईने विचारणारे—"

आणि तिथे तिचा आवाज गेला. तिने एकदा सातोएकडे बघितलं आणि आपली चूक तिच्या लक्षात आली. तिच्या गालांचा रंग उतरला. उगाचच ती चहाच्या पेल्याखालची बशी पुसायला लागली.

तेत्सुओ दुकानाच्या काचेत ठेवलेल्या लाकडी जहाजाकडे बघत होता. जणू त्याला ते विकत घ्यायचं होतं.

लाँड्रीच्या काउंटरमागे एक शिस्त असते. गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशात काहीही निघो, मोठ्याने बोलायचं नाही. दुसऱ्याच कोणाच्या नावाची चिठ्ठी निघते, दवाखान्याची गोळी निघते, लहान मुलाचा एक मोजा निघतो. मूल तर त्या घरात नसतं. ते वेगळ्या पाकिटात घालायचं, कोटासोबत पुढे ठेवायचं, आणि हवा काय छान पडलीय म्हणायचं. सातोएने उभ्या आयुष्यात ती शिस्त मोडली नव्हती.

तिला कुवाबाराबाई आठवल्या. मधे बसवलेल्या. पाव पुढे करणारा अधिकारी. सूप आल्यापासून तिकडे लागलेली याची नजर. आणि तिने म्हटलं होतं, डोळे फुटले तुमचे.

"शिरानामीच करा," ती म्हणाली.

"बाई, मी—"

"दोघांचं करा. आणि निशिओबाई, तिथे सकाळी पेज मिळते ना? ती आम्हाला टेबलावर हवी. खोलीत नको. तेवढं सांगून ठेवा त्यांना."

निशिओबाईने मान हलवली. तेत्सुओने लाकडी जहाजावरची नजर काढून बायकोकडे बघितलं, पण तोवर ती आपला कोट चढवत होती. "हवा छान पडलीय आज," ती म्हणाली.

हवा भिकार होती. समुद्रावरून बोचरा वारा सुटला होता.

परतीच्या गाडीत दोघं बंदराच्या बाजूला बसले. दुपारची गाडी, डबा जवळजवळ रिकामा. एकदोन स्टेशनं गेली. मग तेत्सुओ म्हणाला, "रागावलीस?"

"नाही. पोट जड आहे अजून. ओला कोट उतरत नाही लवकर."

"तुला माहितेय ना मी शाळेत कसा जेवायचो."

तिला माहीत होतं. शाळेचा नियमच होता. मुलांच्या आधी अर्धा तास मुख्याध्यापकाने जेवायचं. तेच जेवण, त्याच ट्रेमधून, पण आपल्या खोलीत, एकट्याने. त्याला काही झालं नाही, म्हणजे जेवण ठीक. मग तो स्वयंपाकघरात फोन करायचा: "काही बिघाड नाही. वाढायला हरकत नाही." की मग वर्गावर्गात वाटप सुरू व्हायचं. घरी आल्यावर तो थट्टा करायचा, की इतर चाखणाऱ्यांपुढे एकच राजा असतो, माझ्यापुढे तर सगळी शाळा भरून राजे आहेत.

"चव सगळी कळायची," तो आता म्हणाला. "आजची मुळा-भाजी कमी शिजलीय, आजचं सूप छान झालंय. पण जेवल्यासारखं नाही वाटायचं. तेवढ्यात खालून वर्गातून त्यांचा गोंगाट यायचा, आणि माझं तर जेवून झालेलं असायचं. एकट्याने जेवणं फार वाईट गं. बाकी सगळ्याची सवय होते. तुला त्याची होऊ नये, एवढंच माझं—"

"मग आत्ता मी काय करतेय?" सातोए म्हणाली.

"म्हणजे?"

"तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे असता, तेव्हा मी बाहेर कोणाबरोबर जेवते असं वाटतं तुम्हाला? बोटीच्या अधिकाऱ्याबरोबर?"

ती हे चढ्या आवाजात बोलली नव्हती. तरी समोरच्या बाकावरच्या शाळकरी मुलीने पुस्तकातून डोळे वर केले आणि पुन्हा खाली घातले.

बाहेर सुमाचा किनारा लागला. हिवाळ्यातली रिकामी वाळू, कोणीतरी विसरलेली एक निळी चटई. तेत्सुओ खिडकीकडे वळला, आणि सुमाला उतरेपर्यंत त्याने तिथून नजर काढली नाही.

*

संध्याकाळी सातोएने पेज लावली. मंद आचेवर, ढवळत, झाकण जरा तिरकं ठेवून. तेत्सुओ नेहमीसारखा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. नेहमीसारखाच हात पुढे केला, वाटीसाठी.

तिने वाटी त्याच्या हातात दिली नाही. ती बाहेर नेऊन टेबलावर ठेवली. समोर आपली ठेवली. त्यातही पेजच होती. मग कपाट उघडून तिने एक पांढराशुभ्र जेवणाचा रुमाल काढला. कुठल्याशा बोटीवर निरोपाच्या रात्री सगळ्यांना भेट दिलेला, कधीच न वापरलेला. बोटींवर करतात तशी त्याची उभी, पंखासारखी घडी घालून तिने तो त्याच्या जागेवर उभा केला. घडी पडत होती. कापडाला खळ नव्हती.

तो दारातच होता.

सातोए बसली नाही. तिने त्याच्या वाटीतला एक चमचा पेज घेतली, तोंडात घातली, आणि डोळे मिटून उभी राहिली. त्याच्याकडे बघितलं नाही.

"अर्धा तास थांबायचं असतं," तो दारातून म्हणाला. आवाज जेमतेम होता.

"तेवढ्यात गार होईल." तिने गिळलं. मग कानाशी हात नेला, फोन धरल्यासारखा. आपण मूर्खासारखं दिसतोय हे तिला कळत होतं. "काही बिघाड नाही," ती म्हणाली. "वाढायला हरकत नाही."

तेत्सुओ हसला आणि त्याला खोकला लागला. चौकट धरून तो खोकला. तो थांबेपर्यंत ती टेबलाशी उभी राहिली, पाठीवर हात फिरवायला गेली नाही. खोकला थांबल्यावर तो हळूहळू आला, खुर्ची ओढली, आणि तिच्या समोर बसला. रुमालाची घडी मोडून त्याने तो गळ्यात अडकवला, लहान मुलासारखा.

दोघं जेवले. म्हणजे ती जेवली. तो एकेका घोटाशी लढत राहिला. मधे दोनदा ठसका लागला. एकदा पेज नाकातून आली, हनुवटीवरून ओघळली, रुमालावर पडली. तिने बघितलं. न बघितल्यासारखं केलं नाही, आणि बघत बसलीही नाही. तिच्या वाटीतली संपल्यावर तिने आणखी थोडी वाढून घेतली. भूक नव्हती; तो अजून जेवत होता म्हणून.

"कशी आहे?" त्याने मधेच विचारलं.

सातोए विचारात पडली. तिला कुठलंच कापड आठवेना.

"चांगली आहे," ती शेवटी म्हणाली.

त्याने या वेळी पुढे काही विचारलं नाही.

तो निजायला गेल्यावर तिने वाट्या धुतल्या, ओटा पुसला. रुमाल हातात घेतला. छातीच्या जागी मोठा ओला डाग, वर आणि खाली दोनचार शिंतोडे. कुठलाही डाग वाळू द्यायचा नाही, हा तिच्या धंद्याचा पहिला नियम. आणि हा तर सगळ्यांत सोपा, नुसत्या थंड पाण्यानेही जाणारा. पेज म्हणजे खळच की शेवटी. तिने नळ सोडला.

मग नळ बंद केला. रुमाल तसाच, होता त्या आकारात, खिडकीशी दोरीवर टाकला.

सकाळी तो वाळला होता. जिथे पेज सांडली होती तेवढं कापड कडक झालं होतं आणि गळ्याशी पडलेला बाक त्याने तसाच धरून ठेवला होता. सातोएने तो दोन्ही हातांनी, मोडू न देता, अलगद उतरवला आणि वसंतात न्यायच्या कपड्यांत सगळ्यांत वर ठेवला.